देवीला त्रास म्हणत नाहीत

आडतीच्या मागच्या भिंतीशी नाथाजी बराच वेळ उभा राहिला आणि काहीच झालं नाही. पलीकडे वखारीत हमाल हळदीची पोती थप्पीला लावत होते, पोतं पडलं की भिंत हादरत होती, आणि हा आपला कपाळ भिंतीला टेकून, ज्या गोष्टीचा माणसाला जन्मात कधी विचार करावा लागत नाही तिची वाट पाहत होता. शेवटी चार थेंब आले. पाणी घालून पातळ केलेल्या काकवीच्या रंगाचे. त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हळदीत राबणाऱ्याचं सगळंच पिवळं. नखं पिवळी, घाम पिवळा, बायकोनं, हरणाबाईनं, कितीही आपटलं तरी बंडीची काख पिवळी. मग हेही त्यातलंच. पण हे पिवळं नव्हतं. आणि काल दिवसभरात आपण इथे जेमतेम एकदा आलो होतो हेही त्याला आठवलं. पायांकडे पाहिलं तर घोटे कुठे गेले ते कळेना. सांगलीत आल्यापासून पहिल्यांदाच त्याला वाटलं, काम टाकून घरी जावं आणि पडावं. भीती अशी वाटली नाही. भीती वाटायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं.

जुन्या गावभागातल्या आपल्या खोलीपर्यंत जाताना त्याला वाटेत दोनदा बसावं लागलं. पाठीवर बोजा घेऊन इटलीतले डोंगर चढलेला माणूस, आणि आता सांगलीच्या सपाट रस्त्यावर दम खात बसला होता. पानवाला ओळखीचं हसला, तर उलट हसायचाही त्याला कंटाळा आला. लढाई संपल्यावर मराठा पलटणीतून हवालदार म्हणून सुटून तो उंब्रजच्या बाजूला आपल्या गावी गेला होता. उसाचं रान होतं, भाऊ ते बघत होता, दोघांना पुरून उरेल एवढं काम होतं. पण वर्षाच्या आत आई गेली आणि मग त्याला त्या घरात, त्या रानात करमेना. आडतीत मुकादमाची जागा निघाली तेव्हा हरणाबाईला घेऊन तो इकडे आला. इथे सगळे त्याला हवालदार म्हणत. हमालांवर ओरडायला आवाज पुरत होता, संध्याकाळी पुलावर जाऊन कृष्णेचं पाणी बघायला वेळ मिळत होता. ज्या नदीकाठी वाढलो तीच नदी इथेही आहे, तेवढंच बरं, असं तो म्हणायचा. मानेवर काळपुळी उठेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

काळपुळी मोठी होती. मान वळवता येईना तेव्हा मालकानंच त्याला डॉक्टर आठल्यांकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, आता घाबरायचे दिवस गेले, पेनिसिलिनची सुई आहे. नाथाजीला त्या नावानं बरंच वाटलं. जुना ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसं. ‘म्या घेतलीया की ती, इटलीत,’ तो म्हणाला, आणि डॉक्टरांनी भुवया वर केल्या तेव्हा मनातून थोडा फुगलाही. सांगलीतल्या शेटसावकारांना जी सुई आत्ता कुठे बघायला मिळत होती ती त्यानं पाच वर्षांमागे घेतली होती. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काही त्रास झाला होता का. तो म्हणाला, न्हाई. डॉक्टरांनी सुई टोचली. दुसरी टोचली, तिसरी टोचली, आणि काळपुळी फुटून वाहून गेली. पण तिसऱ्या सुईच्या संध्याकाळी त्याच्या पोटावर, पाठीवर, मांड्यांवर लाल पुरळ उठला, अंग तापलं, सांधे धरले. हरणाबाईनं बंडी वर करून बघितलं, दोन पावलं मागे सरली आणि हात जोडले. मग पुढचं सगळं रीतीप्रमाणे. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली, नाथाजीची दाढी राहिली, आणि देवी अंगावर असताना सुई टोचून घ्यायची नसते म्हणून डॉक्टरांकडे जाणं आपोआप थांबलं. पुरळ मावळला. हरणाबाईनं त्याला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, देवीची बोळवण केली आणि त्याला कामावर धाडलं. ती गेली असं दोघांनाही वाटलं होतं.

दुपारी भलत्या वेळी नवरा घरी आलेला बघून हरणाबाई आधी चेष्टेनं म्हणाली, मालकानं हाकललं का काय. मग त्यानं तोंड वर केलं. त्याचे डोळे सुजून बारीक झाले होते. तिनं भाकरी पुढे केली, तर भाकरीच्या नुसत्या वासानं त्यानं तोंड फिरवलं. तोंडात सकाळपासून तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव होती. त्यानं सांगायचं टाळलं, पण नवऱ्यानं भिंतीमागं उभं राहून काय केलं आणि काय नाही हे बायकोपासून लपवणार तरी किती वेळ? ऐकल्याबरोबर तिनं डॉक्टर आठल्यांकडे न्यायला टांगा आणला. टांग्यात ती सारखी बोलत होती. आपलंच चुकलं, बोळवण घाईनं केली, दहीभातात मीठ पडलं होतं की काय, शेजारणीची सावली पडली. नाथाजी हूं हूं करत होता. घोड्याच्या टापा त्याच्या डोक्यात कुठेतरी खोल पडत होत्या, आणि त्याला एवढंच वाटत होतं की हा टांगा कुठे पोचू नये, असाच चालत राहावा, आणि आपल्याला कुणी खाली उतरायला सांगू नये.

डॉक्टरांनी हरणाबाईला ओसरीवर बसवलं आणि नाथाजीच्या हातात बाटली देऊन त्याला पडद्यामागे पाठवलं. बाटलीचा तळ झाकेल एवढंही आलं नाही. डॉक्टरांनी ते काचेच्या नळीत ओतलं, नळी दिव्यावर धरली, आणि नाथाजीच्या डोळ्यांदेखत त्याचं नासलेल्या दुधासारखं झालं. नळी उजेडाकडे धरून त्यांनी दोनदा बघितली. मग त्यांचा आवाज चढला. सुया अर्ध्यावर टाकून पळालात. वर फुटलं म्हणजे आतलं विष गेलं असं वाटलं का. ते रक्तात पसरलं, आता मूत्रपिंडात उतरलंय. लढाईवरचा माणूस तुम्ही, हुकूम पाळणं तुम्हाला शिकवायला हवं का? आता दुप्पट जोराची सुई घ्यायची, आजपासून, आणि इथेच मागच्या खोलीत पडून राहायचं. त्यांनी स्टोव्ह पेटवला, भांड्यात सुई आणि तिची काचेची पिचकारी उकळायला ठेवली, आणि कोपऱ्यातल्या बेसिनपाशी हात धुवायला गेले. नाथाजी बाकावर बसून राहिला. ज्याला रागावण्याचं काहीच वाटत नाही त्याच्यावर कुणी किती रागावणार?

भांड्यातलं पाणी कुरकुरायला लागलं. हा आवाज त्याला ठाऊक होता. इटलीतल्या तंबूत दिवसरात्र तो चालू असायचा, कारण तिथे दर तीन तासांनी सुई होती, झोपेतून उठवून सुई. मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला होता, जखम चिघळली होती, आणि पाय कापायचा की ठेवायचा यावर दोन साहेबांची त्याच्या उशाशी बोलणी चालायची. शेजारच्या खाटेवर गावचाच गुंडा होता, त्याचा डावा हात कोपरापासून गेलेला. गुंडाची जीभ मात्र शाबूत होती. तो म्हणायचा, गड्या, ह्यो दवा लय महागाचा, आपून मुतलं का साहेब ते गोळा करून त्यातनं दवा माघारी काढत्यात. खरं की खोटं कोण जाणे, पण खाटेखालची बाटली उचलायला कुणी आला की दोघं पोट धरून हसायचे. हसताना मांडी ठणकायची. मग एका सकाळी नाथाजीचं सगळं अंग लाल होऊन उठलं. ताप चढला, मनगटं सुजली, आणि गुंडा हसायचा थांबला. त्यानं खाटेवरून उतरून नमस्कार केला, एका हातानं. देवी आली रं, म्हणाला. परमुलखात कडुलिंब कुठला! तर हा बाबा तंबूबाहेर जाऊन तिथल्या कसल्याशा तेलाच्या झाडाचा डहाळा तोडून आला आणि उशाशी ठेवला. पानं बारीक आहेत, देवी समजून घेईल, म्हणाला. आणि खरी नवलाची गोष्ट तर पुढेच झाली. गोरा साहेब आला, त्यानं अंग बघितलं, नर्सबाईला काहीतरी बोलला, आणि त्या दिवसापासून सुई बंद. साहेबसुद्धा देवी ओळखतो, असं गुंडा आठवडाभर येईल त्याला सांगत होता. नाथाजीलाही तेच वाटलं होतं. देवी अंगावर असताना सुई टोचत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. साहेबालाही कळलं, यात विशेष काय? आठवडाभरात अंग निवळलं. पायही राहिला.

हात गेलेला म्हणून गुंडा आधी घरी परतला, आणि त्यानं हे सगळं नाथाजीच्या आईला, मनुबाईला, तिखटमीठ लावून सांगितलं. समुद्र ओलांडून देवी पोराला राखायला गेली! मनुबाई त्याच पावली वाईकडे निघाली, मांढरच्या डोंगरावर चढली आणि काळूबाईच्या पायरीशी तिनं आपल्या वहाणा सोडल्या. जन्मभर पायात काही घालणार नाही. नाथाजी सुटून घरी आला तेव्हा तिचे पाय बघून त्याला गलबलून आलं होतं. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. तो म्हणाला, मी आलो न्हवं आता, घाल की. तर ती हसून म्हणाली होती, ‘दिल्यालं माघारी घ्यायचं आसतं व्हय रं?’ आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात बांधावरचा बाभळीचा काटा तिच्या टाचेत मोडला. तिनं तो सुईनं उकरून काढला, वर हळद दाबली, आणि विसरून गेली. मग एका सकाळी तिला भाकरी चावता येईना. दातखीळ बसली, पाठीची कमान झाली, कुणी दार उघडलं तरी अंगाला झटके यायचे. बोलता येत नव्हतं. डोळे तेवढे फिरत होते आणि ते नाथाजीवर येऊन थांबत होते. गावात सगळे म्हणाले, देवीनं पोरगा दिला आणि आई नेली, सौदा पुरा केला. हे ऐकायला वाईट होतं. पण त्यात एक आधारही होता, आणि त्या आधारावर तो आजवर जगला होता. आपल्या जिवाची किंमत कुणीतरी मोजली आहे, आपण फुकटचे जगत नाही, असा.

पाण्याला उकळी फुटली. सुई भांड्याच्या तळाशी टिकटिक वाजू लागली. नाथाजीच्या डोक्यात आता सगळं संथपणे, एकामागून एक येत होतं. त्याला तो लहान असतानाचा गोवर आठवला. खरा गोवर. तेव्हा त्याला काळोख्या खोलीत ठेवलं होतं, आई लिंबाच्या पाल्यानं अंगावरून वारा घालायची, आणि नवव्या दिवशी न्हाऊ घालून तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. ‘सुटलास. एकदा यिऊन ग्येली का ती परत ह्या वाटंला यीत न्हाई.’ हे तर गावातली प्रत्येक बाई सांगते. हे तिनंच सांगितलं होतं. मग इटलीत कोण आलं होतं? आणि या महिन्यात सांगलीत कोण आलं? गावात नाही, रानात नाही, आईनं गाभाऱ्यापुढं लोटांगण घातलं तेव्हा नाही. दोन्ही खेपांना सुई होती तिथेच, सुईच्या मागोमाग. त्याला हे कळलं, आणि कळल्याबरोबर वाटलं की कळायला नको होतं. डॉक्टर पंच्यानं हात पुसत होते. आता गप्प बसलं तर काय होईल तेही त्याला दिसत होतं. गप्प बसणं किती सोपं होतं! सुई घ्यावी, मागच्या खोलीत जाऊन आडवं व्हावं, झोपावं. देवी देवीच राहील. आई जिथे आहे तिथे तिचं पुण्य घेऊन राहील. बोललं तर तिच्या टाचेतला तो काटा नुसता काटा होता. ती कशासाठीच गेली नव्हती. गोऱ्या साहेबानं थांबवलेल्या एका औषधासाठी ती डोंगर चढली, आणि बाभळीखाली पाय ठेवून मेली. खोलीच्या दाराच्या फटीतून ओसरीवरची हरणाबाई दिसत होती. ती गुडघ्यांत मान घालून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. तिचं काय होईल, हा विचार त्याला सगळ्यात शेवटी आला, आणि त्याचीच लाज वाटून त्यानं तोंड उघडलं.

‘डॉक्टर, सुई नगा दिऊ.’

डॉक्टरांना वाटलं, भ्याला. तेव्हा त्यानं बंडी वर केली. पोटावर तांबूस डाग अजून होते, कातडं सुटत होतं. आणि मग तो थांबत थांबत बोलत गेला, इटलीतलं आणि इथलं. डॉक्टरांनी वाकून स्टोव्हची चावी सोडली. सूं करून हवा निघून गेली आणि खोली एकदम शांत झाली. ते समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांचं तोंड उतरलं होतं.

‘मी तुम्हाला विचारलं होतं, हवालदार. या सुईनं काही त्रास झाला होता का म्हणून.’

‘देवीला तरास म्हणत न्हाईत, डॉक्टर.’

डॉक्टर रागावले नाहीत. मग त्यांनी हळूहळू समजावलं की काही शरीरांना हे औषध सोसत नाही. दुसऱ्या खेपेला तर शरीर वाटच बघत बसलेलं असतं. अंगावर उठतं ते दिसतं. आत मूत्रपिंडांवर काय उठतं ते दिसत नाही. आज दुप्पट सुई दिली असती तर, एवढं बोलून ते थांबले. आता यावर दुसरं औषध नाही. पडून राहायचं, पाणी मोजकं, मीठ बंद, आणि वाट बघायची. मूत्रपिंडं आपली आपण उघडली तर उघडली. नाथाजीनं विचारलं, म्हणजे तिकडेही सुईच होती म्हणायची. डॉक्टर म्हणाले, हो, त्या साहेबानं वेळेवर थांबवली म्हणून वाचलात. यावर नाथाजीनं एवढंच मागितलं, की हे घरात कुणाला कळू नये.

मागच्या खोलीत एक लोखंडी खाट होती आणि एक खिडकी. खिडकीतून चिंच दिसायची. दिवस कसे गेले ते नाथाजीला नीट सांगता आलं नसतं. उचकी लागली की दुपारभर थांबायची नाही. तहानेनं जीभ टाळूला चिकटायची आणि हरणाबाई ओल्या फडक्यानं ओठ पुसायची, खडीसाखरेचा खडा जिभेवर ठेवायची. हातपाय त्याचे राहिले नव्हते, कुणीतरी भरून ठेवलेले वाटायचे. हरणाबाई हरिपूरच्या वाटेवरून पळसाची फुलं आणायची, लघवी सुटावी म्हणून ती शिजवून ओटीपोटावर बांधायची. डॉक्टर बघून न बघितल्यासारखं करायचे. ती दमली होती. उभ्या उभ्या झोपायची, आणि झोपेतसुद्धा देवीची माफी मागायची. नाथाजीला ते ऐकवत नव्हतं. आपल्यापाशी दोन शब्द आहेत, ते टाकले तर हिची ही आर्जवं थांबतील, हे त्याला कळत होतं. आणि ते दोन शब्द टाकले तर हिच्या हातात काहीच उरणार नाही, हेही कळत होतं. मग तो भिंतीकडे तोंड करायचा. ग्लानीत आई यायची. ती काही बोलायची नाही, दातखीळ बसलेलीच असायची. तो तिला सांगायचा, आये, झोपू दे मला. आणि रोज बाटलीत तोच तळ, तोच काकवीचा रंग.

मग एके दिवशी सकाळी, चिंचेवर ऊन नुकतंच आलं होतं, त्याला कळ आली. साधी, रोजची, विसरून गेलेली कळ. त्यानं बाटली घेतली आणि ती भरत गेली, थांबेना, काचेची ऊब हाताला लागत राहिली. रंग उसाच्या रसासारखा होता. एवढ्याशा गोष्टीनं मोठा माणूस रडतो हे त्याला ठाऊक नव्हतं. हरणाबाई आत आली, तिनं बाटली बघितली आणि ती खाटेशी खाली बसली. मग पदरानं तोंड पुसून तिनं सांगितलं, की मला ठाऊक होतं, ती ऐकणार. परवाच तिनं गणपतीच्या देवळामागल्या देवीपुढे नवस बोलला होता. सांगलीत आल्यावर त्यानं घेऊन दिलेल्या चपला ती तिथेच सोडून आली होती. आता सासूसारखं, आत्याबाईंसारखंच, जन्मभर अनवाणी.

नाथाजीनं तिच्या पायांकडे बघितलं. डांबरी रस्त्यानं ती येजा करत होती आणि त्याला पत्ता नव्हता. अंगठ्याशी फोड आला होता, तळव्याला धूळ होती. त्याला फार थकल्यासारखं वाटलं. पडून राहावं, बरं होऊन घरी जावं, तिला सुखानं अनवाणी चालू द्यावं, सगळ्या जगाच्या बायका चालतातच. पण गावाकडच्या बांधावर बाभळी होत्या, आणि कधी ना कधी दोघं गावी जाणारच होते.

‘हरणे, देवी न्हवती ती. सुई व्हती. सुई सोसली न्हाई मला.’

तिनं दाराकडे बघितलं.

‘डॉक्टर म्हणालं?’

‘व्हय.’

‘आन तकडं, इटलीत?’

‘तकडं बी.’

ती बसल्या जागी पायाच्या फोडावरून बोट फिरवत राहिली आणि तिचं तोंड आधी रागानं, मग आणखी कशानं तरी हळूहळू वाकडं होत गेलं. बाहेर डॉक्टरांच्या दवाखान्याचं दार उघडल्याचा आवाज झाला. तेव्हा तिनं डोळे पुसले, उठली, आणि बाटली दोन्ही हातांत जपून धरली.

‘माजा नवस म्या सोडला,’ ती म्हणाली. ‘आत्याबाईंचा तेवढा ऱ्हाऊ द्या. त्यांच्या नावानं हात जोडताना ह्ये मनात बी आणू नगासा.’

आणि ती बाटली दाखवायला बाहेर गेली.